एपॉक्सी टेबल करताय? नागपूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

माझ्या पहिल्या टेबलाने बादलीतच जीव सोडला. मे महिना, दुपारचे दोन, गच्चीवरची पत्र्याची खोली. एपॉक्सी रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मिसळलं, तेवढ्यात फोन आला. दहा मिनिटांनी परत येतो तर बादलीतून धूर निघतोय, तळ मऊ पडून वाकलाय आणि आत पिवळा, तडकलेला दगड. चार लिटर माल गेला.

एपॉक्सी घट्ट होताना स्वतः तापतं, आणि तापलं की आणखी वेगाने घट्ट होतं. बादलीत ती उष्णता कोंडते. डब्यावर छापलेला वेळ बहुधा २५ अंशांच्या आसपासचा असतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे तेवढा गारवा पहाटेही मिळत नाही. म्हणून मिसळलं की लगेच ओता, आणि थर डब्यावर सांगितलाय तेवढाच ठेवा. वरच्या कोटिंगचं रेझिन एका वेळी काही मिलिमीटरच चालतं. दोन फळ्यांमध्ये ओतलेल्या रेझिनच्या पट्ट्याला ‘नदी’ म्हणतात. ४ सेंटिमीटर खोल नदीसाठी सावकाश घट्ट होणारं, खोल ओतायचंच रेझिन घ्या.

ओतायचं संध्याकाळी. दुपारकडे लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि बुडबुडे येतच राहतात. ऊन उतरल्यावर लाकूड निवतं, तेव्हा हा त्रास बराच कमी होतो. त्याआधी लाकडाच्या कडांना रेझिनचा पातळ हात मारून छिद्रं बुजवून घ्या. हा हात टाळला की दुसऱ्या दिवशी नदीच्या काठाने फेसाची रांग दिसलीच म्हणून समजा.

आता कूलर. खास आपली चूक. गरम होतंय म्हणून कूलर लावला की खोलीत दमट हवा भरते. ती हार्डनरला बाधते आणि पृष्ठभागावर तेलकट, धुरकट साय येते. आपण ती घासायला जातो आणि पॉलिश पेपर सगळीकडे चोपडून ठेवतो. ही साय पाण्यात विरघळते: आधी कोमट पाणी आणि स्क्रबरने धुवा, पुसून पूर्ण वाळू द्या, मगच घासा. पावसाळ्यात कूलर बंद असला तरी हीच कथा, तेव्हा झड लागली असताना ओतू नका.

चिकट राहिलंय? बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं किंवा बादलीच्या कडेचं मिसळलेलं नसतं. फायबरचं काम करणारे मित्र सांगतात, ‘लवकर वाळवायचं ना भाऊ, हार्डनर जरा जास्त टाक.’ ते त्यांच्या पॉलिएस्टर रेझिनला एका मर्यादेत चालतं. एपॉक्सीत हार्डनर जास्त झालं तर जास्तीचं तसंच उरतं आणि टेबल कायमचं मऊ राहतं. २:१ हे प्रमाण आकारमानाचं की वजनाचं, तेही वाचा. हार्डनर सहसा हलकं असल्याने दोन्ही मापं जुळत नाहीत. मिसळून झालं की दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा ढवळा. चिकट भाग वाळायची वाट पाहू नका. खरवडून काढा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि नव्याने ओता.

लाकूड लकडगंजातून आणा नाहीतर गावाकडच्या आंब्या-बाभळीचं, पण मॉइश्चर मीटर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. ओल्या फळ्या एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतात आणि रेझिनपासून सुटून केसाएवढी फट पडते. ती भरता येते, लपत नाही. साल तर काढाच, मागून तीच सुटते.

साच्याला आतून पॅकिंग टेप लावा, सांध्यांना सिलिकॉन भरून एक रात्र वाळू द्या. माप सोपं आहे: १५० सेंटिमीटर लांब, सरासरी २० रुंद, ४ खोल म्हणजे १२ लिटर. मी वर एक लिटर जास्त धरतो. हातमोजे नायट्राइलचे घ्या, रेझिनच्या वासाला गॅसचा मास्क आणि घासताना धुळीचा. हातावर सांडलं तर साबण-पाणी, अ‍ॅसिटोन नाही.

टेबल झाल्यावरची चूक घरच्यांची असते. तर्री-पोह्यांची प्लेट चालते. तर्रीचं उकळतं पातेलं थेट ठेवलं की गोल वळ उठतो, कारण पुष्कळशी रेझिन्स ५०-६० अंशांनाच नरम पडू लागतात. आमच्या टेबलावर तो वळ आहे. ३२० नंबरपासून पुन्हा घासून पॉलिश करायचं ठरलंय, पण ते पाऊस संपल्यावर.