पगारातून विम्याचे पैसे कापतात, त्यात ब्रोकरचं कमिशन किती?

न्यू जर्सीतल्या एका कंपनीत मी पेरोल बघते. दर पंधरवड्याला ॲक्सिडेंट, क्रिटिकल इलनेस अशा नावांनी पैसे कापताना मी कधी थांबले नव्हते. मग गोदामातल्या एका मावशींनी विचारलं, "यातलं विम्याला किती जातं गं?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला फार लागलं.

त्यातला काही भाग ब्रोकरला, म्हणजे कंपनीला विमा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला, कमिशन म्हणून जातो. तो किती, हे शोधायचं कसं ते सांगते. तुमच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षाच्या पगार-कराच्या कागदावर, बी चौकटीत कंपनीचा ईआयएन (मालकाचा ओळख क्रमांक) असतो. तो घेऊन अमेरिकी कामगार खात्याच्या ईफास्ट-२ या साइटवर 'फॉर्म ५५००', म्हणजे योजनेचा वार्षिक अहवाल, शोधा; पैसे पडत नाहीत. ००१ क्रमांकाची योजना बहुधा निवृत्तीची असते. आपल्याला ५०१ किंवा त्यापुढची हवी. शंभराहून कमी लोकांच्या विमा योजनेला हा फॉर्म सहसा भरावा लागत नाही.

फॉर्मला जोडलेलं 'शेड्यूल ए' उघडा. प्रत्येक विमा कंपनीचं वेगळं असतं. ओळ २ मध्ये एकूण कमिशन आणि फी, ओळ ३ मध्ये ती कोणाला मिळाली त्याचं नाव. ओळ ३ मधली फी नीट वाचा. ब्रोकरने त्या विमा कंपनीला भरपूर धंदा दिला म्हणून मिळालेला बोनस तिथेच दिसायला हवा. शेवटी ओळ ९ किंवा १० मधल्या प्रीमियमने कमिशन-फीच्या बेरजेला भागा. आमच्याकडे आरोग्य विम्यावर शंभर डॉलरमागे तीन निघाले, अपघात विम्यावर सत्तावीस. तो प्रीमियम पूर्ण कामगारांच्या खिशातला!

कमिशन घेणं बेकायदा नाही. प्रश्न लपवण्याचा आहे. न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी २००४ मध्ये युनिव्हर्सल लाइफ रिसोर्सेस या सल्लागार कंपनीवर खटला भरला, तेव्हा आरोप हाच होता: सल्ला मालकांना, छुपे पैसे विमा कंपन्यांकडून.

सगळा प्रीमियम कामगारच भरत असतील, तर काही विमे या फॉर्ममध्ये येतच नाहीत. तेव्हा एचआरला विचारा. २०२१ च्या कायद्यानुसार आरोग्य योजनेच्या ब्रोकरला हजार डॉलर किंवा जास्त मिळणार असतील, तर आडमार्गाने येणाऱ्या पैशांसकट सगळं मालकाला लेखी कळवावं लागतं. "तो कागद आला का?" एवढंच विचारा. फॉर्म ५५०० मात्र तुम्ही स्वतः लेखी मागू शकता; तीस दिवसांत द्यावा लागतो. नाही दिला, तर कामगार खात्याच्या एब्सा विभागाला १-८६६-४४४-३२७२ वर फोन करा. मावशींसाठी तो अर्ज मी जेवणाच्या सुट्टीत लिहिला, सही त्यांनी केली.