पट्ट्यांची होडी घरी बांधताय? निदान या चुका तरी टाळा

होडी बांधायला घेतलेल्या माणसाचा पहिला फोन मला साधारण दहा-बारा पट्ट्या चढल्यावर येतो. "सगळं मस्त चाललंय, फक्त नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापाशी, जरा फुगवटा दिसतोय. घासून जाईल ना?" नाही जाणार. फुगवटा पट्टीत नाही, पट्टीखालच्या साच्यात आहे. आणि ते साचे तुम्ही कधी एकदा पट्ट्या चढवतो या घाईत उभे केलेत.

पद्धत कागदावर फार सोपी वाटते. हलच्या, म्हणजे होडीच्या कवचाच्या, आडव्या छेदांच्या आकाराचे प्लायचे साचे एका सरळ पायावर ओळीने उलटे उभे करायचे, त्यांच्यावरून लांब, बारीक लाकडी पट्ट्या एकमेकींना कडेने चिकटवत न्यायच्या आणि मग बाहेरून-आतून एपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर कालवून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेलं ग्लासचं, म्हणजे काचतंतूंचं, कापड चढवायचं. वाचायला दोन मिनिटं, करायला दोन वर्षं. पट्ट्या चढवायचा भाग त्यातला सगळ्यात मजेचा, म्हणून जो तो तिकडेच धावतो.

साचा रेषेच्या कुठल्या बाजूला?

नकाशात प्रत्येक छेद म्हणजे नुसती रेषा. तुमचा साचा मात्र 18 मिलीमीटर जाड प्लायचा. मग ती जाडी रेषेच्या पुढे जाणार की मागे? नियम एकच आहे: जाडी नेहमी होडीच्या मध्याकडे. पुढच्या अर्ध्यातल्या साच्याचं पुढचं तोंड रेषेवर, मागच्या अर्ध्यातल्या साच्याचं मागचं तोंड रेषेवर. कारण उघड आहे. होडी मध्याकडे रुंद होत जाते, त्यामुळे जाडी तिकडे गेली तर ती हलच्या आत लपते आणि पट्टी बरोबर रेषेवरच्या कडेला टेकते. उलट लावलात तर साचा टोकाच्या अरुंद भागात घुसतो आणि पट्टीला बाहेर ढकलतो.

माझी पहिली होडी साडेचार मीटरची, 13 साच्यांची. बारा साचे नीट लावले. तीन नंबरचा हलला होता म्हणून रात्री उशिरा काढून परत बसवला, आणि तो रेषेच्या चुकीच्या बाजूला बसला. त्या जागी हलची बाजू मध्यरेषेशी साधारण वीस अंशांचा कोन करत होती. अठरा मिलीमीटरला वीस अंश म्हणजे साडेसहा मिलीमीटर, सुताराच्या भाषेत दोन सूत. दोन सुतांचा फुगा, दोन्ही बाजूंना अगदी सारखा. सारखा होता म्हणूनच तर मला तो बरेच दिवस "होडीचा आकार" वाटत राहिला.

कळलं तेव्हा दोन्हीकडे अकरा-अकरा पट्ट्या चढल्या होत्या. त्या उखडून साचा हलवायला फार तर चार दिवस लागले असते. पण मी शहाणा. म्हटलं, रंधा आहे की! पट्टी आठ मिलीमीटरची, तिच्यातून सहा काढायला निघालो. ग्लास चढवून, हल सुलटं करून एका दुपारी आत शिरलो तर तीन नंबरपाशी तळहाताएवढा डाग लालसर उजळलेला. बाहेरचं ऊन लाकडातून आत येत होतं. पुढे आतून तिथे कापडाचे तीन जादा थर दिले. होडी बुडली नाही, फुटली नाही. पण चकचकीत रंगावर पाण्याची चमक पडली की त्या जागी ती अजून वाकडी होते, आणि धक्क्यावर उभ्या माणसाची नजर नेमकी तिथेच जाते.

तेव्हापासून माझी सवय अशी: साचे लावून झाले की पट्ट्यांच्या गठ्ठ्याकडे बघायचंसुद्धा नाही. एक लांब, बिनगाठीची लवचिक पट्टी घ्यायची आणि ती साच्यांवर नुसती टेकवून बघायची. काठापाशी, मध्ये, कीलजवळ (बुडाच्या मधल्या कण्याजवळ), तिरकी, सगळीकडे. एखाद्या साच्यावरून ती अधांतरी गेली तर तो साचा खाली आहे, तिथे पातळ चिपटी चिकटवायची. एखाद्यावर कोपरा केल्यासारखी वळली तर तो वर आहे, रंधा मारायचा. मग एका टोकाला जमिनीवर आडवं होऊन एक डोळा मिटून बघायचं. मी यात आठवडा घालवतो. लोक हसतात. हसू देत.

पट्ट्यांबद्दल, थोडक्यात

साच्यांच्या कडांना चिकटपट्टी लावा. नाही लावली तर होडी आणि साचे एकजीव होतात, आणि मग आतून करवत चालवत बसावं लागतं.

गोल आणि खोलगट कडांच्या पट्ट्या असतील तर खोलगट कड वर. गोंद खाचेत राहतो, ओघळत नाही. खाचेचे ओठ नाजूक असतात, थेट हातोडी नको. मध्ये गोल कडेचा तुकडा धरून ठोका.

डावीकडे एक, उजवीकडे एक. एकाच बाजूला दहा पट्ट्या चढवल्या तर त्यांच्या ताणाने साच्यांची अख्खी ओळ एका अंगाला ओढली जाते.

बाहेर बुडाला जिथे एकदम वळण आहे तिथे पट्ट्या अरुंद घ्या. रुंद पट्टी वाकत नाही, मधे फट सोडते, आणि फट दिसली की माणूस जास्त गोंद ओततो.

त्या गोंदात सिलिकाची पूड घाला, मायक्रोबलून नाही. मायक्रोबलून म्हणजे पोकळ गोळे. लेप द्यायला आणि घासायला उत्तम, भार घ्यायला कुचकामी. "दोन्ही पांढऱ्याच पुडी" म्हणणाऱ्याच्या होडीत मी बसत नाही.

"थोडं हार्डनर जास्त टाकलं"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सवय पॉलिएस्टर रेझिनची असते. तिथे उत्प्रेरक एक-दोन टक्के घालतात आणि हवा गार असेल तर थोडा वाढवून चालतं. एपॉक्सीचं तसं नाही. एपॉक्सीत हार्डनर हा उत्प्रेरक नाही, तो निम्मा संसार आहे. रेझिनच्या प्रत्येक टोकाला हार्डनरचं टोक भेटावं लागतं. जास्त ओतलंत तर जादाचं हार्डनर जोडीदाराविना तसंच पडून राहतं, आणि थर रबरासारखा किंवा चिकट राहतो. कायमचा. उन्हात ठेवून, पंखा लावून, देव पाण्यात ठेवून काही होत नाही. लवकर घट्ट व्हायला हवं असेल तर वेगवान हार्डनरचा डबा वेगळा मिळतो, तो घ्या, आणि प्रमाण त्या डब्यावरचंच ठेवा.

दुसरा गोंधळ मापाचा. डब्यावर दोन प्रमाणं असतात, एक घनफळाचं आणि एक वजनाचं, आणि बहुतेक वेळा ती सारखी नसतात, कारण हार्डनर रेझिनपेक्षा हलकं असतं. मी घनफळाचं प्रमाण वाचून वजनकाट्यावर मोजलं होतं. दुसऱ्या होडीच्या आतल्या बाजूला, पूर्ण एक संध्याकाळ, मोठ्या आत्मविश्वासाने. आठ दिवसांनी बोट लावलं तर ठसा उमटला. मग हीट गनने गरम करून पटाशीने खरवडणं, कापड सोलून काढणं. चार शनिवार-रविवार गेले, आणि त्या वासाने घरच्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं.

आता भिंतीवर मोठ्या अक्षरात फक्त वजनाचं प्रमाण लिहिलेलं असतं. काट्यावरच मोजतो, एका वेळी दीड-दोनशे ग्रॅमच्या वर कालवत नाही, आणि कालवलेलं लगेच पसरट ताटात ओततो. उभ्या मगात अर्धा किलो ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत ते आपोआप तापून मगातून धूर निघतो. प्रत्येक मगावर नंबर टाकतो, तळाशी उरलेलं तसंच ठेवतो. सकाळी सगळ्या मगांत नख रोवून बघायचं. पाच नंबरचा मऊ लागला तर पाच नंबर होडीत कुठे गेला ते वहीत लिहिलेलं असतं.

घट्ट झालेल्या थरावर कधीकधी मेणचट साय येते. ती आधी साध्या पाण्याने, घासणीने धुवा, मग सँडपेपर. आधी घासलंत तर ती साय आत रगडली जाते आणि पुढचा थर धरत नाही.

उघड्या लाकडावर पहिला थर दुपार कलल्यावर द्या. सकाळी दिलात तर लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि कापडाखाली बुडबुडेच बुडबुडे.

हातमोजे घाला. एपॉक्सी हाताला लागलंच तर थिनरने हात धुऊ नका, थिनर ते कातडीत आणखी आत नेतं. एकदा एपॉक्सीची ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर जात नाही. तांबड्या सिडार लाकडाच्या भुशानेही काहींना दमा जडतो, तेव्हा मास्क नाकावर हवा, हनुवटीवर नाही.

आणि छपराची उंची

दार मोजतात सगळे. होडी उलटीची सुलटी करायची आहे हे कुणाच्या लक्षात नसतं. सव्वादोन मीटर रुंदीचं हल पालथं असताना कंबरेएवढं दिसतं, पण वळवताना ते कडेवर उभं राहतं, म्हणजे सव्वादोन मीटर उंच, शिवाय खालच्या गाद्या आणि वरचे दोर. माझ्या ओळखीच्या एकाला हे आठ माणसं जमल्यावर, हल अर्धं उचलल्यावर कळलं. परत खाली ठेवलं, सगळ्यांना घरी पाठवलं, आणि पुढचे तीन आठवडे त्याने शेडच्या मधोमध, होडीच्या लांबीएवढा गुडघाभर चर खणला. होडी वळली. चर अजून आहे, त्यात आता तो उरलेल्या पट्ट्या ठेवतो.