सहा नो ट्रम्प: बोली कधी लावायची आणि बारावा हात कुठून काढायचा

कोकणात ब्रिजच्या टेबलावर येणारे बहुतेक जण मेंढीकोट खेळत वाढलेले असतात. पावसाळ्यातल्या दुपारी, गणपतीतली जागरणं, यांतून पत्त्यांची जाण आपसूक येते. पण मेंढीकोट दोन सवयीही लावतो. हुकमावर विसंबायचं आणि मिळतोय तो हात लगेच उचलायचा. सहा नो ट्रम्पला, म्हणजे हुकमाशिवाय तेरापैकी बारा हात करायच्या बोलीला, पहिली सवय कामाची नाही आणि दुसरी सरळ डाव घालवते. म्हणून हे लिहितो आहे. लेख टीम सामन्यांपुरता आहे. पॉइंट मोजणं (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), १५ ते १७ पॉइंटांची १ नो ट्रम्प आणि फिनेस तुम्हाला येतं असं धरून चालतो. पत्ते प्लॅस्टिकचेच घ्या. जुलैत रत्नागिरी-मालवणच्या हवेत कागदी पानं एकमेकांना चिकटतात आणि बोर्डातून तेराऐवजी बारा पानं हातात येतात.

आधी हिशेब, कारण बोलीतली निम्मी भीती हिशेब न केल्यामुळे असते. टीममध्ये तीच पानं दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात आणि दोन्हीकडच्या गुणांचा फरक ठरलेल्या तक्त्याने आयएमपीत, म्हणजे टीम सामन्याच्या गुणांत, बदलतो. व्हल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असलेल्या डावात) असताना ६ नो ट्रम्प केलं तर १४४०. दुसऱ्या टेबलावरचे प्रतिस्पर्धी ३ नो ट्रम्पवर थांबून बारा हात करतात तेव्हा त्यांना ६९०. फरक ७५०, म्हणजे १३ आयएमपी. तुमचा एक हात कमी पडला तर तुम्ही उणे १००, ते ६६०, फरक ७६०, पुन्हा १३ आयएमपी. व्हल्नरेबल नसाल तर दोन्ही बाजूंना ११. तेव्हा स्लॅम, म्हणजे बारा किंवा तेरा हातांची बोली, निम्म्याहून जास्त वेळा होणार असेल तर बोलायचा, एवढंच. ‘खात्री असेल तरच स्लॅम’ हा सल्ला देणारे टीमचं नुकसान करतात, आणि ते दिसत नाही, कारण न बोललेल्या स्लॅमबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही.

दोघांचे मिळून ३३ पॉइंट का लागतात? पत्त्यांत एकूण ४०. समोरच्यांकडे ७ उरले तर त्यांच्याकडे दोन एक्के असूच शकत नाहीत. पार्टनरने १ नो ट्रम्प उघडलं आणि तुमच्याकडे सपाट १८ किंवा १९ असतील तर थेट ६ नो ट्रम्प म्हणा. एक्के विचारत बसू नका. उत्तर काहीही आलं तरी बोली बदलणार नसेल तर त्या प्रश्नाचा फायदा फक्त समोरच्यांना होतो. १६ किंवा १७ असतील तर ४ नो ट्रम्प. इथे ते एक्के विचारणं नाही, ते आमंत्रण आहे. पार्टनरकडे १५ असतील तर पास, १७ असतील तर ६. १६ असतील तर त्याने पाच पानांचा रंग आणि दश्श्या-नव्व्या बघून ठरवावं. एक्केच विचारायचे असतील तर गर्बर यांची ४ किलवर आहे. हे सामन्याआधी पार्टनरशी बोलून घ्या. ४ नो ट्रम्पला एकाने आमंत्रण समजावं आणि दुसऱ्याने प्रश्न, यावर गेलेले डाव मी इतके पाहिले आहेत की नव्या पार्टनरला पहिला प्रश्न मी हाच विचारतो.

आणखी एक. जोड्यांच्या स्पर्धेतले लोक सांगतात, नो ट्रम्पचे गुण जास्त म्हणून तिकडेच जा. टीममध्ये ६ किलवर आणि ६ नो ट्रम्प यांतला फरक ७० गुण, म्हणजे २ आयएमपी. चार-चार पानांचा रंग जुळत असेल आणि एका हुकमाने बारावा हात मिळत असेल तर रंगातच खेळा. रंग जुळत नसेल तेव्हाच नो ट्रम्प.

आता खेळ. मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला लागला, म्हणून एक डाव पुढे ठेवूनच सांगतो.

डमी (उत्तर; पार्टनरची टेबलावर उघडी मांडलेली पानं)
इस्पिक: ९ ७ ४
बदाम: एक्का, राजा, २
चौकट: एक्का, राजा, ६ ४
किलवर: राजा, गुलाम, ५

तुम्ही (दक्षिण)
इस्पिक: एक्का, राजा, राणी
बदाम: गुलाम, ७ ३
चौकट: ८ ५ २
किलवर: एक्का, राणी, ८ ३

तुम्ही १६ वर १ नो ट्रम्प उघडलं, पार्टनरने १८ वर ६ नो ट्रम्प म्हटलं. पश्चिमेने इस्पिक टाकली. डमीचं पान ओढण्याआधी थांबा. सक्तीने थांबा, समोरचे चुळबुळ करोत. इस्पिक ३, बदाम २, चौकट २, किलवर ४. अकरा झाले. एक कमी आहे.

इथे बहुतेकांना बदाम गुलाम दिसतो. डमीतून दुर्री टाकायची आणि राणी पूर्वेकडे असेल तर गुलाम जमतो. पन्नास टक्के. वाईट नाही, पण याहून चांगलं आहे. दुसरे काही जण सगळे पक्के हात एकामागून एक काढतात आणि शेवटी चौकट ‘बघू’ म्हणतात. ते तर करूच नका. इस्पिका संपवल्यावर हात समोर गेला की त्यांच्याकडे काढायला मोठी इस्पिक तयार असते, आणि एकाच्या जागी दोन हात जातात.

करायचं ते असं. पहिला हात इस्पिकने घ्या आणि दुसऱ्याच हाताला चौकटची दुर्री खेळून डमीतून चव्वी टाका. एक्का-राजा समोर असताना हात सोडून द्यायचा. मन तयार होत नाही, मला ठाऊक आहे. पण बारा हात करायचे आहेत, म्हणजे एक देणं तुमच्या हिशेबात आहेच. तो आत्ता द्या, तुमचे सगळे रंग शाबूत असताना. ते काहीही परत खेळोत, त्यांना पुढचा हात मिळत नाही. बदाम परत आला तर मोहात न पडता एक्का टाका.

या एका हाताने दोन कामं होतात. समोरच्यांकडे चौकटी सहा आहेत. त्या तीन-तीन वाटलेल्या असतील, आणि तसं साधारण ३६ टक्के वेळा असतं, तर एक्का-राजानंतर डमीतली छक्की पक्की होते. तशा वाटलेल्या नसतील तर दुसरं काम सुरू होतं, ते म्हणजे स्क्वीझ: समोरच्याला दोन कामाच्या पानांपैकी एक टाकायला भाग पाडणं. या नावाला लोक उगाच बिचकतात. पुस्तकात तो शेवटच्या प्रकरणात असतो म्हणून तो तज्ज्ञांचा खेळ ठरत नाही. हात आधी दिलेला असेल तर तो बराचसा आपोआप होतो.

क्रम मात्र चुकवू नका. उरलेल्या इस्पिका काढा. मग बदामचा एक्का आणि राजा काढा. हे आत्ताच, नंतर नाही, कारण तुमच्या हातातला गुलाम मोकळा व्हायला हवा. मग डमीतले किलवर राजा आणि गुलाम, मग पंजीने तुमच्या एक्क्यावर या. आता शेवटची किलवर, राणी. ती टाकण्याआधी तुमच्याकडे किलवर राणी, बदाम गुलाम आणि दोन चौकटी आहेत, डमीत बदाम दुर्री आणि चौकट एक्का, राजा, छक्की. बदाम राणी आणि चार चौकटी एकाच माणसाकडे असतील तर आता त्याच्याकडे चारच पानं आहेत: बदाम राणी आणि तीन चौकटी. किलवर राणीवर त्यातलं एक टाकावंच लागतं. डमीतून तुम्ही बिनकामाची बदाम दुर्री टाकता. तो माणूस पूर्वेला असो की पश्चिमेला, फरक पडत नाही.

सगळी पानं लक्षात ठेवायची गरज नाही. एकच पान बघा: बदाम राणी पडली का? पडली असेल तर गुलाम काढा, मग चौकट एक्का-राजा. पडली नसेल तर चौकट एक्का, राजा आणि मग छक्की, न डगमगता. समोरच्यांनी मधेच चौकट परत खेळली असेल तर सगळीकडे एक चौकट कमी असते, बाकी तेच. राणी दोन पानांतच पडली तर प्रश्नच मिटला. सगळ्या शक्यता मिळून हा मार्ग ६५ टक्क्यांच्या आसपास जातो. पन्नास टक्क्यांच्या फिनेसपेक्षा हा का चांगला, हे आता कोणी विचारलं तर आकडा सांगा.

घरी हे पत्ते टेबलावर मांडून बघा. बदाम राणी आणि चौकट राणी-गुलाम-दश्शी आधी पूर्वेला द्या, मग पश्चिमेला, आणि दोन्ही वेळा शेवटची चार पानं उघडी ठेवून किलवर राणी टाका. वाचून हे अर्धवटच कळतं.

सात नो ट्रम्पबद्दल थोडक्यात. त्याला ३७ पॉइंट, म्हणजे समोर एकही एक्का नको. दुसऱ्या टेबलावर सहा बोललेत असं धरलं तर व्हल्नरेबल असताना जमल्यास १३ आयएमपी मिळतात, फसल्यास १७ जातात. म्हणजे निम्मी शक्यता पुरत नाही, ५७ टक्के तरी हवी. आणि सातमध्ये वर सांगितलेला देण्याचा हातच नसतो. तेरा हात मोजून दाखवता येत नसतील तर सहावर थांबा.