कर्ज दुसऱ्या बँकेत नेताय आणि घराला बायकोचं नावही लावायचंय? या चुका टाळा

कर्ज कमी व्याजाच्या बँकेत न्यायचं आणि ‘त्यातच’ घराला बायकोचं नावही लावून घ्यायचं, असं ठरवूनच लोक माझ्याकडे येतात. ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात मालक तोच राहतो, फक्त बँक बदलते. दुसऱ्यात मालकी बदलते आणि त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे जावंच लागतं.

नोटरीच्या कागदावर विसंबणं

माझ्या बहिणीचं पिंपरीतलं घर मेहुण्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. एजंट म्हणाला, “पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, ताई अर्ध्या मालक.” तो कागद मी हातात घेऊन पाहिलाय: गोल शिक्का, दोघांचे फोटो, मागे आधारच्या झेरॉक्स टाचलेल्या. दीड वर्ष दोघं निर्धास्त होते. मग कर्ज हलवताना नव्या बँकेच्या वकिलाने सर्च काढला, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्या, तर सूची दोनमध्ये (निबंधकांकडच्या नोंदणीच्या उताऱ्यात, म्हणजे इंडेक्स टूमध्ये) नाव एकट्या मेहुण्यांचं. अर्जात मात्र दोघंही मालक! फाइल थांबली. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा 18 टक्के जीएसटी बुडाला. वर बहिणीने प्राप्तिकरात घेतलेली कर्जाच्या व्याजाची वजावटही चुकीची ठरली, कारण नुसतं सहकर्जदार असून भागत नाही, मालकीतही वाटा लागतो.

स्थावर मिळकतीचं बक्षीसपत्र नोंदवल्याशिवाय मालकी जात नाही. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार मात्र बाजारमूल्यावर टक्क्यांत लागतो, तो आधी विचारून घ्या. एवढी सवलत असताना एजंटचा आडमार्ग कशाला धरायचा, हे मला खरंच कळत नाही.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी चालू बँकेचं लेखी ना-हरकत पत्र, मग बक्षीसपत्र, सूची दोनची प्रत हातात, आणि त्यानंतरच नव्या बँकेत दोघांच्या नावाने अर्ज. यात महिना जास्त जातो, जाऊ द्या. घाई करणाऱ्यांची फाइल मी घेत नाही.

फक्त व्याजदर बघणं

बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, म्हणून लोकांना वाटतं बदली फुकट होते. नव्या बँकेत मूळ कागद ठेवले की गहाणाचं मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागतं. उदाहरणार्थ, 0.3 टक्क्याने 38 लाखांच्या कर्जावर 11,400 रुपये. शिवाय 30 दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे घर गहाण ठेवल्याची सूचना, निबंधकांकडे दाखल करायची, तिची फी हजार रुपये. ही जबाबदारी कर्जदाराची आहे, बँकेची नव्हे. मी कर्ज उचलल्याच्या आठवड्यातच दाखल करायला लावतो. कर्जाची चार-पाच वर्षंच उरली असतील, तर आधी हा सगळा खर्च वाचणाऱ्या व्याजाशेजारी मांडून बघा.

बाकीच्या

हक्कसोडपत्र सहमालकाच्याच नावे होतं. बायको आधीपासून सहमालक नसेल, तर तो विषय सोडा.

टॉप-अपच्या, म्हणजे घरकर्जावर घेतलेल्या वाढीव कर्जाच्या पैशांत गाडी घेतलीत, तर त्या व्याजावर घराची वजावट मागू नका.

बायकोला बक्षीस दिलेल्या हिश्शाचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

सोसायटीने कुटुंबातल्या हस्तांतरावर प्रीमियम मागितला, तर देऊ नका. तो लागत नाही.