प्रोस्टेट कॅन्सर आणि घरचा व्यायाम: या चुका टाळा

"रोज उपवन तलावाला दोन फेऱ्या मारतो, आणखी काय व्यायाम पाहिजे?" ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देताना हे वाक्य प्रोस्टेट कॅन्सरच्या इतक्या काकांकडून ऐकलंय की आता मी वादच घालत नाही. सरळ सांगते, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवा.

चालणं म्हणजेच सगळा व्यायाम, ही सगळ्यात मोठी चूक. चालणं चांगलंच, दम वाढतो, थकवा कमी होतो. पण या कॅन्सरवरचं, हार्मोन दाबणारं इंजेक्शन सुरू झालं की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, अगदी तळाला जातं. मग मांड्या-दंडांचे स्नायू झडतात, हाडं विरळ होतात, पोटावर चरबी चढते. स्नायूला वजन पेलायला लावलं तरच तो टिकतो, आणि तलावाकाठच्या सपाट रस्त्यावर पेलायला असतं काय?

वर्तकनगरचे एक काका दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेणारे. मोबाइलवरची पावलं कट्ट्यावर सगळ्यांना दाखवायचे. घरच्या सत्यनारायणाला पाटावर बसले आणि उठताच येईना. शेवटी जावयानं आणि भटजींनी बगलेत हात घालून उठवलं. काकांचं निदान तयार: "गुडघे गेले." तपासले तर गुडघे ठणठणीत, मांड्या मात्र पार सुकलेल्या.

डायनिंगची खुर्ची भिंतीला लावली, हात छातीवर बांधायला लावले आणि उठबस सुरू केली. आठ-दहा वेळा, जरा थांबून पुन्हा तेवढीच. मोजायला काकूंना बसवलं, कारण काका सहानंतर थेट दहा म्हणायचे. जोडीला भिंतीवरचे पुशअप्स, थेराबँड (व्यायामाची रबरी पट्टी) ओढणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, सगळं एक दिवसाआड. दुसऱ्याच आठवड्यात यांनी नातवाचे डंबेल्स काढले! कंबर धरली आणि व्यायाम काही काळ बंदच पडला. नवशिक्यांची ही घाई मला अजिबात खपत नाही. माझा हिशोब साधा आहे: शेवटच्या दोन उठबशा जड जाव्यात, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हायची वेळ येऊ नये. काका पुन्हा पाटावरून आपले आपण उठायला लागले, पण त्याला बरेच महिने गेले.

"ताकदीच्या व्यायामानं टेस्टोस्टेरॉन वाढून कॅन्सर फोफावेल," अशी धास्ती काही जण घेतात. हार्मोन उपचारावरच्या पुरुषांत तसं आढळलेलं नाही. 2003 साली कॅनडातल्या एका अभ्यासात अशा 155 पुरुषांपैकी काहींकडून 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद वाढली, रोजच्या कामांत थकव्याची आडकाठी कमी झाली. वजन आणि कमरेचा घेर मात्र हलला नाही. तेव्हा रोज सकाळी वजनकाट्यावर चढून "काही फरक नाही" म्हणू नका. फरक खुर्चीवर मोजा.

आता ऑपरेशनवाल्यांकडे वळू. प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर लघवी गळते, म्हणून केगल, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळायचा व्यायाम सांगतात, आणि दहातले नऊ जण तो चुकीचा करतात. श्वास कोंडलेला, तोंड लालबुंद, ढुंगण आवळलेलं, पोट आत. म्हणजे जे स्नायू आवळायचे ते सोडून बाकी सगळं! पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. चारचौघांत वात दाबून धरतो तसं आतून आवळा आणि शिश्न मुळाशी किंचित आत ओढलं जातंय का बघा. पाच सेकंद धरा, तेवढंच सैल सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आकडे मोठ्यानं मोजायचे, बोलताना श्वास कोंडता येत नाही. जमलं की खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी आवळायची सवय लावा.

लघवी करता करता मध्येच रोखून सराव करू नका. लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) असेपर्यंत केगल नाही. आणि यूट्यूब बघून दिवसाला तीनशे करणाऱ्यांनी माझ्याकडे तक्रार आणू नये. थकलेला स्नायू संध्याकाळी जास्तच गळू देतो.

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे पाण्याचा वीस लिटरचा जार, गॅस सिलिंडर, नातू, काहीही उचलायचं नाही. सायकलही सर्जननं हो म्हटल्यावरच. लघवी गळते म्हणून पाणी तोडू नका. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उठबस नको, ती सरकते. ओल्या लादीवर तर मुळीच नको. रेडिएशन चालू आहे म्हणून महिनाभर पलंगावर पडून राहण्यानं थकवा वाढतोच. त्या दिवसांत व्यायाम कमी करा, पण सोडू नका.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. हा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा हाडांत उतरतो: मणके, कंबरेचं हाड, खुबा, बरगड्या. रिपोर्टमध्ये तसं असेल तर सूर्यनमस्कार, सिटअप्स, कंबरेतून पीळ देणारी आसनं परस्पर सुरू करायची नाहीत, मग शेजारच्या योगवर्गात कोणी कितीही आग्रह करो. व्यायाम बंद करायचा नसतो, कॅन्सर उतरलेल्या हाडावर भार न टाकता तो बसवता येतो. पण त्यासाठी आधी बोन स्कॅन दाखवा. "फाइल मुलाकडे आहे, तो ऐरोलीला असतो" हे कारण चालत नाही, फोटो मागवा. आणि पाठीत नवीन दुखणं सुरू झालं, रात्री वाढू लागलं, पाय लुळे किंवा बधिर वाटले, लघवी-संडासवरचा ताबा अचानक गेला, तर माझी वाट बघत बसू नका, मला फोनही नंतर करा. मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.