आजोबांच्या पदकावरून युद्धसेवा कशी शोधावी

आधी ट्रंकेतली पदके काढा. ब्रासोने घासू नका, कडेवरची अक्षरे झिजतात. अक्षरे कोरलेली असतील तर कडेवर बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की सेवाक्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण दिसते. क्रमांक जसाच्या तसा उतरवा. एकाच गावात एकाच नावाचे तिघे सापडतात, तिथे क्रमांकच कामी येतो.

‘इटली स्टार’, ‘बर्मा स्टार’ ही मोहिमेची पदके, शौर्याची नव्हेत. घरोघरी इथेच गल्लत होते. मिलिटरी मेडल किंवा आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) हे शौर्यपदक असेल तर ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे बहुधा नुसते नाव मिळते. पराक्रमाचे वर्णन हवे तर दुसऱ्या महायुद्धासाठी लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधली डब्ल्यूओ ३७३ (WO 373) ही पदकांच्या शिफारशींची मालिका पाहा.

नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी टाकून बघा. कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले असते.

जिल्ह्याचेही भान ठेवा. तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा साताऱ्यात होते. दक्षिण सातारा १९४९ला झाला, त्याचे नाव सांगली पडले १९६०ला. त्यामुळे ‘सांगली’ टाकून काही हाती लागत नाही.

पलटणीचे आकडेही फसवतात: ११०वी मराठा १९२२नंतर ३/५, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन, झाली. जवान धारातीर्थी पडला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज या युद्धस्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीत वडिलांचे नाव आणि गाव अनेकदा असते. परतला असेल तर डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) शोधा, पेन्शनचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.