दोन स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची तुलना कशी करावी: एक चादर, एक टॉवेल आणि ज्वारीची पिशवी

भाचीला यंदाच्या गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे, फोटो स्वतःच्या कॅमेऱ्यातून काढायचे आहेत. ओळखीतून दोन वापरलेले कॅमेरे चार दिवसांसाठी घरी आले: कॅनन इक्सस १८५ आणि सोनी सायबर-शॉट डब्ल्यू ८३०. पहिला २०१७ साली बाजारात आलेला, दुसरा २०१४ साली. तिने दोन्हींची माहिती वाचून काढली आणि म्हणाली, "आत्या, दोन्ही २० मेगापिक्सेल, दोन्ही ८ एक्स झूम, दोन्हींचा व्हिडिओ ७२०पी. सारखेच आहेत की! रंग बघून घेते."

कागदावर ते सारखे दिसतात हे खरं. पण सोलापुरात तुम्ही जिथे आणि ज्या उजेडात फोटो काढणार, तिथेच दोघांकडून एकच फोटो काढून घेतला की फरक दिसायला लागतो. एका रविवारी आम्ही ते कसं केलं, ते सांगते. तुमच्याकडे वेगळी दोन मॉडेलं असली तरी रीत हीच.

आधी यादी, मग कॅमेरा

कोऱ्या कागदावर लिहा: फोटो कशाचे, किती वाजता, किती लांबून. भाचीच्या यादीत चार ओळी आल्या. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याची गर्दी, भर दुपारी. होम मैदानावरची शोभेची दारू, रात्री. कारखान्यात माग चालवणारे आजोबा, ट्यूबच्या उजेडात. सिद्धेश्वर तळ्यावरचे पक्षी, लांबून.

यादीत नुसती घरातली माणसं आणि रात्रीची जेवणं असतील, तर हातातला बरा फोन पुरे. अंधारात फोन झटपट अनेक फोटो घेऊन त्यांचा एक फोटो जुळवतो. या दोन्ही कॅमेऱ्यांना ते जमत नाही. त्यांच्याकडे आहे खरा ऑप्टिकल झूम, खरा फ्लॅश आणि हातात धरायला स्वतंत्र वस्तू. त्याची गरज असेल तरच पुढे जा.

आकडे वाचा, पण जोडीने वाचा

"८ एक्स" म्हणजे सर्वांत लांबचा आकडा भागिले सर्वांत जवळचा, एवढंच. सुरुवात कुठून होते ते त्यात कळत नाही. ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात कॅननची लेन्स २८ ते २२४ मिमी आहे, सोनीची २५ ते २०० मिमी. भागाकार दोन्हीकडे ८ येतो. पण २५ मिमीला चौकटीत साधारण १२ टक्के जास्त रुंदी मावते. गर्दीत मागे सरकायला जागा नसते तेव्हा हे १२ टक्के म्हणजे कडेची दोन माणसं. उलट लांबच्या टोकाला कॅनन तेवढाच पुढे जातो.

मग लेन्समधून उजेड आत येतो त्या छिद्राचा आकडा. कॅननचा एफ ३.२ ते ६.९, सोनीचा एफ ३.३ ते ६.३. जवळच्या टोकाला फरक नगण्य. पूर्ण झूम केल्यावर मात्र सोनीच्या लेन्समधून सुमारे २० टक्के जास्त प्रकाश आत येतो. आकडा लहान म्हणजे उजेड जास्त, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. दोन्हींचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला तुकडा, १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. त्यावर दोघांनीही २ कोटी ठिपके बसवले आहेत. ४ बाय ६ इंची छापील फोटोला २२ लाख ठिपके पुरतात. दोन्ही सेन्सर सीसीडी या जुन्या प्रकारचे आहेत. तेव्हा सध्या तरुण मुलं ज्या "सीसीडीच्या रंगां"च्या मागे आहेत, तो मुद्दाही तुलनेतून बाद.

राहिलेल्यातला सगळ्यात वजनदार फरक म्हणजे हात हलल्याची भरपाई. सोनीत ती लेन्समध्येच आहे, ऑप्टिकल. इक्सस १८५ मध्ये ऑप्टिकल भरपाई नाही. ही ओळ खोक्यावर बारीक अक्षरात असते आणि नेमकी तीच वाचायची राहते.

पैसे देण्याआधी दहा मिनिटं

वापरलेला कॅमेरा असेल तर ही पायरी चुकवू नका. काही वर्षांपूर्वी मी एक कॅमेरा एकदाच चालू करून घेतला होता. तिसऱ्या दिवशी त्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली आणि विकणाऱ्याने हात वर केले. तेव्हापासून मी दहा वेळा चालू-बंद करते. दर वेळी लेन्स सरळ आणि एकाच आवाजात बाहेर यायला हवी. करकर ऐकू आली तर आत धूळ आहे असं समजा.

लेन्सच्या तोंडावर हात ठेवून एक फोटो काढा. काळ्या फोटोत दर वेळी त्याच जागी चमकणारा ठिपका दिसला तर तो सेन्सरचा दोष. पूर्ण झूम करून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा. त्यात धूसर गोल डाग दिसले तर धूळ सेन्सरपर्यंत पोचली आहे. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बघा. पोट फुगून डुगडुगत असेल तर ती वापरायची नाही. फ्लॅश उडतो का ते पाहा. नसेल उडत तर घरी खोलून बघण्याच्या भानगडीत पडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये जबर झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

दोघांना एका पातळीवर आणा

दोन्ही कॅमेरे प्रोग्रॅम मोडवर ठेवा, त्यात काही आकडे आपल्याला ठरवता येतात. आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा) १००, फ्लॅश बंद, फोटोचा आकार सर्वांत मोठा, तारखेचा शिक्का बंद, टायमर २ सेकंद. टायमर अशासाठी की बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येऊ नये. दोन्ही लेन्स एकाच स्वच्छ सुती कापडाने पुसा. एकाची लेन्स बोटांच्या तेलाने माखलेली असेल तर तुम्ही कॅमेऱ्यांची नाही, बोटांची तुलना कराल.

तिपाई नसेल तर एक जुनी पिशवी घ्या, तीत अर्धा किलो ज्वारी भरून तोंड शिवून टाका. कट्ट्यावर ठेवून वर कॅमेरा दाबून बसवला की हलत नाही. माझ्याकडे तिपाई आहे, तरी गर्दीत मी ही पिशवीच नेते.

चादरीची परीक्षा

परदेशी परीक्षक लेन्स तपासायला छापील तक्ते वापरतात. आपल्याकडे त्याहून सरस तक्ता घरोघरी आहे. सोलापुरी चादर. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली नक्षी मधोमध जशी असते तशीच कोपऱ्यात असते, कडेचे पट्टे सरळ असतात, आणि जवळ गेलं की एकेक धागा मोजता येतो. लेन्स मधे स्पष्ट आणि कडेला गिळगिळीत असेल तर चादर लगेच सांगते.

सकाळी नऊच्या सुमारास गच्चीच्या भिंतीवर चादर ताणून लावा. चारी कोपऱ्यांना चिमटे. ती सावलीत असावी, पण उजेड भरपूर हवा. कॅमेरा चादरीच्या अगदी समोर हवा. त्यासाठी कॅमेऱ्यापासून चारी कोपऱ्यांपर्यंत दोरी धरून बघा, चारही अंतरं सारखी आली की झालं. झूम न करता चादर चौकट भरून टाकेल एवढ्या अंतरावर उभे राहा. कॅननला थोडं मागे जावं लागेल, कारण त्याची लेन्स २८ मिमीची. मग झूम अर्धा करून, मग पूर्ण करून, दर वेळी चौकट भरेल तितकं मागे सरकत. प्रत्येक टप्प्यावर तीन फोटो, कारण एखादा फोकस चुकतोच.

हे फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तपासू नका. दोन्हींचे पडदे २.७ इंची आणि जेमतेम २ लाख ३० हजार ठिपक्यांचे आहेत, त्यावर सगळंच चांगलं दिसतं. संगणकावर पूर्ण आकारात उघडा आणि तीन जागा बघा: मधली नक्षी, चारी कोपरे, आणि कडेचे पट्टे. पट्टे बाहेरच्या बाजूला फुगले असतील तर ती लेन्सची वक्रता. चारपैकी एकच कोपरा सारखा अंधूक येत असेल तर लेन्स आत तिरकी बसली आहे. वापरलेल्या कॅमेऱ्यात हे होतं, एखादा पडलेला असतो. म्हणून दुसऱ्याच्या कॅमेऱ्याबद्दल वाचलेलं तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याला लागू होईलच असं नाही.

रंग बघायचा असेल तर चादरीतला लाल आणि मरून निवडा. लहान कॅमेऱ्यांत लाल रंग लवकर उतू जातो आणि धाग्याचा पोत एकसपाट होतो. खरी चादर शेजारी ठेवूनच ठरवा.

पांढऱ्या टॉवेलची परीक्षा

ही परीक्षा खास गड्ड्यासाठी. यात्रेच्या मिरवणुकीत नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, असतात; त्यांच्याबरोबरचे भक्त पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांच्या पारंपरिक अंगरख्यात, असतात आणि अक्षता सोहळा दुपारच्या उन्हात होतो. कॅमेऱ्याला प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं गृहीत धरायची सवय असते. चौकटीत पांढरं भरपूर आलं की तो उजेड कमी करतो, कपडे मळकट दिसतात आणि चेहरे काळवंडतात.

दुपारी एक वाजता उन्हात एक पांढरा टॉवेल टाका आणि शेजारी कुणाला तरी उभं करा. उजेडाची भरपाई (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचा आकडा) आधी शून्यावर, मग +०.७, मग +१. दोन्ही कॅमेऱ्यांत ही सोय आहे. चेहरा नीट दिसतोय आणि टॉवेलचे धाग्याचे फासेही दिसतायत, असा फोटो कोणता कॅमेरा देतो ते बघा. फासे पुसून टॉवेल कोऱ्या कागदासारखा झाला तर तो भाग पुढे कशानेही परत मिळत नाही. जो आकडा चांगला ठरेल तो लिहून ठेवा, गर्दीत शोधायला वेळ नसतो.

कारखान्यातला उजेड

पूर्व भागातल्या कारखान्यात माग सुरू असताना आत शिरलात तर डोळ्याला उजेड पुरेसा वाटतो, कॅमेऱ्याला वाटत नाही. मालकाची आणि मागावरच्या माणसाची परवानगी घ्या. कापसाचा तूस उडत असतो, म्हणून फोटो काढून झाला की कॅमेरा लगेच बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आत-बाहेर सरकणाऱ्या लेन्सला तुसासारखा शत्रू नाही.

आता आयएसओ ऑटोवर ठेवा. अर्धा झूम करा आणि हातात धरूनच, आजोबा थांबलेले असताना, प्रत्येक कॅमेऱ्याने दहा फोटो काढा. संगणकावर मोजा, दहापैकी किती स्पष्ट आले. ऑप्टिकल भरपाईचा खरा हिशेब इथे लागतो. मात्र ती भरपाई तुमच्या हाताची असते, समोरच्या हालचालीची नाही. पळणारा धोटा दोन्हींत पुसटच येईल, आणि मला तो तसाच आवडतो.

आयएसओ कॅननमध्ये १६०० पर्यंत जातं, सोनीत ३२०० पर्यंत. एवढ्या लहान सेन्सरवर ८०० च्या पुढे दाणे इतके दिसतात की मी हा फरक गुणात धरत नाही.

तळं आणि रात्र

सिद्धेश्वर तळ्याच्या काठावरून किल्ल्याच्या बुरुजावर पूर्ण झूम करा. आधी ज्वारीच्या पिशवीवर ठेवून, मग हातात धरून. पिशवीवर कॅननची लांबची पोच उपयोगी पडेल. हातात धरल्यावर तीच पोच भरपाईविना अवघड जाते, कारण झूम जितका जास्त तितकी थरथर मोठी. डिजिटल झूम दोन्हींत बंदच ठेवा.

शोभेच्या दारूसाठी दोन्हींत फटाक्यांचा वेगळा मोड आहे. त्यात शटर बराच वेळ उघडं राहतं, म्हणून पिशवी लागणारच. रात्रीच्या व्हिडिओत आकाशपाळण्याच्या प्रखर दिव्यातून उभी रेघ खाली-वर पसरलेली दिसली तर घाबरू नका. तो सीसीडीचा स्वभाव आहे, फोटोत ती सहसा येत नाही.

बॅटरी, चार्जर आणि ऊन

दोन्ही कंपन्या एका बॅटरीत साधारण २१० फोटो सांगतात. जुन्या बॅटरीत तेवढे मिळणार नाहीत, दुसरी बॅटरी किमतीत धराच. कॅननची बॅटरी काढून वेगळ्या चार्जरमध्ये घालावी लागते. सोनी यूएसबीच्या वायरीने कॅमेऱ्यातच चार्ज होतो, म्हणजे पॉवर बँकही चालते. दिवसभर मैदानावर असणाऱ्याला हे मोठं सुख आहे. वायफाय दोन्हींत नाही, फोटो फोनवर घ्यायला लहान कार्ड रीडर लागेल.

दोन्ही कॅमेरे ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० ओलांडतो. गाडीच्या डिकीत तर त्याहून वाईट. कॅमेरा सुती रुमालात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

निवड

सगळ्या परीक्षांना सारखे गुण देऊ नका. यादीकडे परत जा आणि ज्या ओळीसाठी जीव तुटतो तिला दुप्पट गुण द्या. भाचीने आजोबांच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. तिथे हात स्थिर ठेवणारा कॅमेरा हवा, गर्दीसाठी रुंद लेन्स हवी, म्हणून आम्ही डब्ल्यू ८३० ठेवून घेतला. तिच्या यादीत पक्षी पहिले असते आणि ती कायम टेकू घेऊन बसणार असती, तर इक्सस १८५ चा मी गंभीरपणे विचार केला असता. चारी कोपरे तपासूनच, अर्थात.

कॅनन पुसून, बॅटरी काढून, ज्याचा त्याला परत केला. सोनीत उजेडाच्या भरपाईचा आकडा लक्षात राहावा म्हणून तिने पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: "बाराबंदी, +०.७".